‘काळा’ आधी की ‘कावळा’?



आमच्या सरांच्या पलंगाखाली चपलांची नऊ खोकी होती. त्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या असत. जुनी पोस्टकार्डं मधोमध कापून केलेल्या. वर शब्द, खाली अर्थ, आणि कोपऱ्यात तो कोणाच्या तोंडून, कुठल्या गावी ऐकला त्याची नोंद. रविवारी आम्ही चार-पाच मुलं त्या चिठ्ठ्या क्रमाने लावायला जायचो. पहिल्याच रविवारी मी ‘काळा’ची चिठ्ठी ‘कालवा’च्या मागे खोचली. सरांनी ती दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि म्हणाले, “तक्ता म्हण.” मी म्हणत गेलो. य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ... तिथे त्यांनी हात वर केला. ‘कालवा’, मग ‘कावळा’, मग ‘कासव’, आणि त्यानंतर ‘काळा’. चिठ्ठी तिच्या जागी गेली.

पुढे मी सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम करू लागलो, बहुतेक डेटाबेसचं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा संगणकाला हेच चार शब्द क्रमाने लावायला दिले. त्याने ‘कालवा, काळा, कावळा, कासव’ असे लावले. मी केलेली चूक, तशीच्या तशी. पण त्याच्या हातातून चिठ्ठी काढून घेणारं तिथे कोणी नव्हतं, आणि चाचणीच्या निकालावर हिरवी खूण होती. ती हिरवी खूण कशी पडते, याबद्दल मला आज सरांच्या नावाने चाललेल्या या व्याख्यानमालेत बोलायचं आहे. विषय रुक्ष वाटेल: चाचणीसाठी डेटाबेस उभा करताना त्याचं एन्कोडिंग आणि लोकेल काय ठेवायचं. पण कोणाची भाषा तपासली जाते आणि कोणाची राहून जाते, हे तिथेच ठरतं, असं मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटतं.

दोन शब्द आधी उलगडतो. एन्कोडिंग म्हणजे अक्षर आकड्यांत कसं साठवायचं याचा करार. लोकेल म्हणजे त्या अक्षरांशी कसं वागायचं याचे नियम: क्रम कसा लावायचा, अक्षर कशाला म्हणायचं, तारीख आणि रक्कम कशी लिहायची. हे दोन वेगळे निर्णय आहेत. ते एकाच फटक्यात उरकले जातात, आणि बराचसा घोटाळा तिथून सुरू होतो.

‘मराठी’ हाच शब्द घ्या. आपण अक्षरं मोजतो तीन: म, रा, ठी. युनिकोड या मानकाच्या हिशेबाने ती पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे साठवताना झाले पंधरा. आता डेटाबेसला विचारा, या शब्दाची लांबी किती? तो यूटीएफ-८ मध्ये उभा केला असेल तर उत्तर येतं ५. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एसक्यूएल-आस्की नावाचं एक एन्कोडिंग आहे, त्यात उभा केला असेल तर येतं १५. कारण तिथे अक्षर ही कल्पनाच नाही. जे बाइट आले ते ठेवले, न बघता. डबा आत घेतला, उघडून पाहिला नाही.

आणि तो डबा भलत्याच समजुतीने उघडला तर काय दिसतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ‘म’चे तीन बाइट पश्चिम युरोपच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे वाचले, तर पहिल्या बाइटचा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, दुसऱ्याचा चार कोपऱ्यांना पाय फुटलेला एक गोल, आणि तिसऱ्याचं नोंदणीकृत व्यापारचिन्हाचं वर्तुळातलं आर. ‘र’ लिहिला की तिसऱ्या जागी अंश सेल्सिअसमधलं ते छोटं वर्तुळ येतं. व्यंजनांचे पहिले दोन बाइट मात्र तेच राहतात, म्हणून मराठीचं अख्खं पान तशा पायवाल्या गोलांनी भरून जातं. कोळ्यांची रांग चालल्यासारखं.

आता चाचणीकडे येतो. उदाहरण पोस्टग्रेसचं घेतो, कारण तिथलं सगळं काम उघड्यावर चालतं आणि कोणालाही वाचता येतं. १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत तो प्रकल्प सुरू केला. आज त्याच्याबरोबर चाचण्यांचा एक मोठा संच येतो. त्याची रीत साधी आहे. एक प्रश्न विचारायचा आणि आलेलं उत्तर आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी अक्षरशः ताडून पाहायचं. एका रिकाम्या जागेचा फरक पडला तरी चाचणी नापास.

ही रीत अंगीकारली की यंत्रायंत्रांतले फरक नकोसे होतात. म्हणून चाचणी चालवणारा प्रोग्राम आधीच काही गोष्टी खिळे ठोकून पक्क्या करतो. संदेशांची भाषा, रकमेची आणि आकड्यांची मांडणी, तारखेची रीत, सगळं ठरलेलं. घड्याळसुद्धा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर. तुम्ही पुण्यात चाचणी चालवा नाहीतर टोकियोत, त्या चाचणीपुरते तुम्ही कॅलिफोर्नियात. यात गैर काही नाही, उत्तर ताडून पाहायचं तर कुठेतरी उभं राहावंच लागतं.

पण शब्दांचा क्रम आणि एन्कोडिंग यांना असे नंतर खिळे ठोकता येत नाहीत. डेटाबेस जन्माला येतानाच ते ठरतात. वेगळं काही सांगितलं नाही तर चाचणीचा डेटाबेस ते आपल्या यंत्राच्या वातावरणातून उचलतो. माझ्या लॅपटॉपवर अमेरिकी इंग्रजी, शेजारणीच्या लॅपटॉपवर भारतीय इंग्रजी, जर्मनीतल्या सहकाऱ्याकडे जर्मन. डॅनिशमध्ये दोन ए शेजारी आले तर ते वर्णमालेच्या टोकाला जातात. चेकमध्ये सी आणि एच मिळून एक अक्षर होतं आणि ते एचनंतर बसतं. म्हणजे एकच चाचणी माझ्याकडे पास आणि प्रागमध्ये नापास, आणि प्रोग्रामात दोष कुठेच नाही.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे सी लोकेल. सी म्हणजे कुठलाच देश नाही आणि कुठलीच भाषा नाही. बाइट हा आकडा समजायचा, लहान आकडा आधी, मोठा नंतर. सगळी रोमन मोठी अक्षरं आधी आणि लहान नंतर, म्हणून झेब्राचा मोठा झेड ॲपलच्या लहान ए-च्या पुढे उभा राहतो. पण उत्तर सगळीकडे एकच. वेगही चांगला, कारण आकड्यांची तुलना यंत्राला सर्वात सोपी जाते. शब्दाच्या सुरुवातीवरून शोध घ्यायचा असेल तर सूचीही, म्हणजे इंडेक्सही, थेट वापरता येते, जी इतर लोकेलमध्ये खास सोय केल्याशिवाय वापरता येत नाही. चाचणीवाल्याला याहून काय हवं? मीही वर्षानुवर्षं तेच घेतलं. जगभरच्या स्वयंसेवकांच्या यंत्रांवर पोस्टग्रेसच्या चाचण्या चालवणारी ‘बिल्डफार्म’ ही व्यवस्था अँड्र्यू डनस्टन यांनी २००४ मध्ये उभी केली. तिच्या नमुना सेटिंगमध्येही लोकेलच्या रकान्यात एकटा सी असतो. हवी तर यादी वाढवता येते. पण वाढवावी लागते, आपणहून ती वाढत नाही.

खरी अडचण पुढे आहे. पोस्टग्रेसला फक्त ‘सी लोकेल दे’ एवढंच सांगितलं आणि एन्कोडिंगबद्दल मौन पाळलं, तर वर्षानुवर्षं एन्कोडिंग म्हणून मिळत आलं ते एसक्यूएल-आस्की. म्हणजे क्रम स्थिर हवा म्हणून एक निर्णय घेतला आणि त्याच्या पाठीवर बसून दुसराही आत आला. पोस्टग्रेसमध्ये जपानी, कोरियन, रशियन, व्हिएतनामी यांची जुनी स्वतंत्र एन्कोडिंग आहेत. जपानच्या तात्सुओ इशी यांनी नव्वदच्या दशकात बहुबाइट अक्षरांसाठी केलेल्या कामाचं ते ऋण आहे. आपल्याकडे इस्की नावाचं मानक होतं, १९९१ चं, पुण्याच्या सी-डॅकमधून ते कितीतरी कार्यालयांत पोचलं. पोस्टग्रेसच्या यादीत ते नाही. म्हणून तिथे मराठीला घर एकच, यूटीएफ-८. ते दार बंद करून चाचणी घेतली की मराठी त्या चाचणीत असू शकत नाही.

आत काय राहून जातं ते एक जागा दाखवून सांगतो. मजकुरात शब्द शोधायचा तर आधी मजकूर शब्दांत तोडावा लागतो. शब्द कुठे संपला? अक्षर नसलेलं काही आलं तिथे. आता आपला काना घ्या. युनिकोडच्या वर्गवारीत तो अक्षर नाही, अक्षराला जोडून येणारं चिन्ह आहे. भोळेपणाने तोडलं तर ‘पाणी’चे तुकडे होतात. हे कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि पोस्टग्रेसच्या मूळ मजकुरात अशा चिन्हांची एक यादी घातली गेली. विसर्ग, काना, वेलांट्या, आणि मग बंगाली, गुरुमुखी, तमिळ अशी ती पुढे जाते. ही शब्द तोडत नाहीत, असं तिथे लिहिलं आहे. त्या यादीचं तिथलं नाव ‘विचित्र अक्षर’ असं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा क्षणभर थांबलो. आपला काना विचित्र! पण राग आला नाही. ज्याने ती यादी एकेक आकडा लिहून, समोर प्रत्येक चिन्हाचं नाव मांडून तयार केली, त्याने आपल्यासाठी मोठं काम केलं. मला महत्त्वाची वाटली ती पुढची ओळ. ही यादी फक्त यूटीएफ-८ मध्ये पाहिली जाते. एसक्यूएल-आस्कीमध्ये हजार वेळा चाचणी चालवा, त्या यादीला कोणी हातही लावत नाही. उद्या त्यात कोणाकडून चूक झाली तरी खूण हिरवीच.

सीच्या सावलीत दोष दडून राहण्याचा धोका फक्त आपल्याच भाषेला आहे असं नाही. २०१६ च्या जानेवारीत पोस्टग्रेस ९.५ आलं. त्यात क्रमवारी वेगाने लावण्याची एक युक्ती होती. शब्दांची थेट तुलना न करता त्यांची आखूड किल्ली बनवायची आणि किल्ल्यांची तुलना करायची. थेट तुलना आणि किल्ल्यांची तुलना यांचं उत्तर एकच येईल, या भरवशावर ते बेतलेलं होतं. लिनक्सच्या ग्लिबसी ग्रंथालयात काही लोकेलमध्ये ते तसं येत नव्हतं, जर्मन लोकेल त्यांतलं एक. मार्चअखेरच्या ९.५.२ मध्ये सी सोडून बाकी लोकेलसाठी ती युक्ती बंद करावी लागली आणि ज्यांच्या सूच्या बिघडल्या असतील त्यांना त्या पुन्हा बांधायला सांगावं लागलं. सीमध्ये ते कधीच सापडलं नसतं. सीमध्ये ते घडतच नव्हतं.

त्याहून मोठा धक्का २०१८ च्या ऑगस्टचा. ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीने क्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नव्याने मांडले. हेतू चांगला होता. पण डेटाबेसची सूची म्हणजे सरांची खोकी. शब्द त्यांच्या जागी आहेत या विश्वासाने आपण मधोमध बोट घालतो आणि पुढे-मागे जातो. रातोरात क्रमाचा नियम बदलला आणि चिठ्ठ्या जुन्याच जागी राहिल्या, तर असलेली चिठ्ठी सापडत नाही. अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये पूर्वी इंग्रजी आकड्यांतलं ‘११’ आधी येई आणि ‘१-१’ नंतर. आता ‘१-१’ आधी. सोसायटीतल्या सदनिकांचे क्रमांक असे असतात. सर्व्हरची यंत्रणा अद्ययावत केली, डेबियन १० किंवा रेड हॅट ८ वर नेली, आणि सूच्या चुकीच्या झाल्या. एकदाच असायला हवी ती नोंद दोनदा जाऊ लागली, कारण पहिली ‘सापडली नाही’. सीमध्ये चाललेली प्रत्येक चाचणी त्या दिवशीही पास होत होती.

आता माझी गोष्ट. एका तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचं काम आमच्याकडे होतं आणि त्याच्या चाचण्यांची जबाबदारी माझी होती. सगळं हिरवं होतं. प्रणाली सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिथेच बाजूच्या टेबलावर बसलो होतो. कऱ्हाडकर आडनावाच्या एक आजी लाभांशाचं विचारायला आल्या. खिडकीतल्या मुलीने नाव टाकलं आणि म्हणाली, “आजी, यादीत तुमचं नावच नाही.” आजींनी पिशवीतून पासबुक काढलं आणि पडद्याला जवळजवळ चिकटवलं. “मग हे काय गं?” पासबुकावर कऱ्हाडकर. पडद्यावर, शोधाच्या चौकटीत, कऱ्हाडकर. मी उठून पाहिलं. डोळ्यांना काडीचा फरक दिसेना.

दुपारी दोन्हींचे बाइट काढले. मुलीने टंकलेल्या नावात चोवीस होते, नोंदीतल्या नावात सत्तावीस. आपल्या ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’मधला तो अर्धचंद्रासारखा र दोन प्रकारे लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलंत जोडायचा. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलंत, आणि पुढे शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह. रोमनमधून टंकन करणारी काही साधनं ही दुसरी रीत वापरतात. दिसायला दोन्ही सारखे. युनिकोडचं प्रमाणीकरण करून पाहिलं तरी दोन्ही एक होत नाहीत. अॅचंही तसंच. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर आलं, त्याआधीचा मजकूर अ-वर चंद्र ठेवून किंवा हिंदीचा ऍ घेऊन लिहिलेला, आणि आज तिन्ही रीती एकाच तक्त्यात शेजारी नांदताना मी पाहतो.

आमच्या चाचण्यांत हे नव्हतं का? होतं. एका सहकारी बाईंनी ‘कऱ्हाड’ दोन्ही प्रकारे लिहून नेमकी हीच तपासणी लिहिली होती. पण त्या फाइलच्या डोक्यावर एक अट होती: एन्कोडिंग यूटीएफ-८ नसेल तर इथूनच परत फिर. चाचणीचा डेटाबेस मी सीमध्ये उभा केला होता आणि एन्कोडिंग सांगितलं नव्हतं. ती फाइल रोज रात्री उघडायची, पहिली ओळ वाचायची आणि परत फिरायची. परत फिरणं म्हणजे पास, असा आमचा हिशेब होता. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या संचातही अशा लोकेलच्या चाचण्या आहेत, ज्या परिस्थिती जुळली नाही की गुपचूप बाहेर पडतात. ती सोय आहे. पण त्या सोयीवर डोळे मिटून विसंबलो तो मी, आणि उन्हातून चालत आलेल्या बाईंना स्वतःच्या नावाचा पुरावा द्यावा लागला. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून आता मी काय करतो ते सांगतो. एन्कोडिंग नेहमी यूटीएफ-८, आणि ते लिहून, वातावरणावर न सोडता. यावर मी चर्चेलाही बसत नाही. क्रम मात्र मूळ संचासाठी बाइटांचाच ठेवतो, कारण स्थिर उत्तराची गरज खरी आहे. पूर्वी बाइटांचा क्रम ठेवून अक्षरांची वर्गवारीही युनिकोडप्रमाणे हवी असेल तर यंत्रणेच्या ग्रंथालयावर अवलंबून राहावं लागे. २०२४ च्या पोस्टग्रेस १७ मध्ये सी-यूटीएफ-८ हे लोकेल डेटाबेसच्या आतच बांधून दिलं आहे. बाहेरचं ग्रंथालय बदललं तरी त्याचा क्रम हलत नाही. माझ्या मते चाचणीचा डिफॉल्ट म्हणून आज याहून योग्य काही नाही.

एवढ्याने ‘काळा’ त्याच्या जागी जात नाही, कारण तो क्रम मराठीचा नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात, ज्यांत क्रमाचं नाव प्रश्नातच लिहिलेलं असतं. युनिकोडवाल्यांच्या लोकेल-कोशात मराठीचे नियम आहेत आणि तिथे ळ ह-च्या नंतर आहे. पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू ग्रंथालयाच्या मार्गाने ते वापरता येतात. आणि मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरत असाल तर एक जोडी जरूर ठेवा: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. त्याचा डिफॉल्ट २०१८ पर्यंत लॅटिन-१ हे एन्कोडिंग आणि स्वीडिश क्रम हा होता, कारण तो बनवणारी कंपनी मूळची स्वीडनची. ८.० आवृत्तीत तो यूटीएफ-८ झाला हे फार चांगलं झालं. पण त्याच्या नव्या डिफॉल्ट क्रमाला अक्षरावरच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून त्याच्या लेखी समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या हा एकच शब्द ठरतो. शोधात ते कधी सोयीचं असेल. एकमेव असायला हव्या अशा रकान्यात ते चालणार नाही.

आणि परत फिरलेल्या चाचणीची खूण आमच्याकडे आता हिरवी नसते. ती लाल असते, आणि ती का परत फिरली हे सकाळी कोणीतरी लिहावंच लागतं. सुरुवातीला तरुण मंडळी कुरकुरली. नंतर त्यांनीच त्या लाल खुणांमधून दोन दोष काढले, एक तमिळ नावांतला आणि एक फ्रेंच.

सरांच्या नऊ खोक्यांपैकी सात त्यांच्या मुलीने जपून ठेवली आहेत आणि त्यांतले शब्द टंकण्याचं काम तिने सुरू केलं आहे. ती चिठ्ठ्या माझ्याकडे पाठवते आणि मी त्या चाचणीत घालतो. पण सरांच्या चिठ्ठ्या एका हाताने लिहिलेल्या आहेत, आणि मला अनेक हातांचं टंकन हवं आहे. सभागृहाच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाशेजारी एक लॅपटॉप ठेवला आहे आणि शेजारी एका कागदावर एक क्रमांक आहे. जाताना आपल्या गावाचं नाव, फक्त गावाचं, आपण रोज ज्या फोनवर जसं टंकता तसंच टंकून त्या क्रमांकावर पाठवा, किंवा तिथेच लॅपटॉपवर टंका. कऱ्हाड, ताम्हिणी, म्हाळुंगे, काहीही. चुकेल अशी भीती बाळगू नका. उद्या सकाळी त्याचे बाइट मी मोजणार आहे.